लायनीवरचा आवाज

“तीन मिनिटं झाली, कॉल वाढवायचा का?” नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या वत्सला पगारेने ट्रंक कॉलच्या लायनीत डोकावून विचारले.

“वाढवा, वाढवा!” पलीकडून मुंबईचा माणूस घाईने म्हणाला आणि तिने बोर्डावरची कळ खाली करायच्या आतच पुढे बोलू लागला, “तर पुंजाराम, नाशिकच्या एक्स्चेंजात ऑपरेटरच्या जागा निघाल्यात. तुमच्या लताचं नाव साहेबांच्या कानावर घातलंय. उद्या संध्याकाळी आमचा माणूस येईल, वहिनींच्या पाटल्या तेवढ्या त्याच्या हातात ठेवा.”

“ठिवतो की! पोरीचं लय कल्याण व्हईल साहेब.” नाशिकजवळच्या मखमलाबादच्या वाण्याच्या दुकानातून पुंजाराम बोलत होता. झेंडूचा शेतकरी, फोनमध्ये बोलायचे म्हणजे ओरडायचे, अशी त्याची समजूत होती.

वत्सलाचा हात कळीवरच राहिला. ऑपरेटरने नंबर विचारावा, वेळ सांगावी आणि गप्प बसावे. लोकांचे बोलणे कानावर पडलेच, तर ते तिथेच झटकून टाकावे. हा नियम तिने चार वर्षे पाळला होता, तोही टेंपररी म्हणून. कायम होण्याचा कागद आता कुठे वर सरकला होता. आईने तर ‘आमची वत्सला कायम झाली’ म्हणून गल्लीत सांगूनही टाकले होते. एवढ्यात एक डाग लागला असता, तर सगळेच मुसळ केरात.

पण जागा निघाल्यात म्हणे! कुठे निघाल्या? होत्या त्या बायकांनाच खाते कायम करीत नव्हते. परवाच युनियनच्या रावजींनी गेटवर सभा घेतली होती आणि घसा बसेपर्यंत सगळ्याजणी ओरडल्या होत्या. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“बाबा, पाटल्या देऊ नका,” ती बोलून गेली. “इथं एकसुद्धा जागा नाही. हा माणूस तुम्हाला फसवतोय.”

मुंबईच्या माणसाने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाराम बायको विठाबाई आणि लताला घेऊन एक्स्चेंजच्या दारात हजर झाला. आभार मानायला नव्हे, भांडायला.

“कोण ती बया? माझ्या पोरीच्या भाकरीवर उठली! आपल्या शेजारी दुसरी नको, म्हणून साहेबाचा फोन तोडला तिनं!”

सुपरवायझर विमलाबाईंनी वत्सलाला आतल्या खोलीत घेतले. रावजीही धावत आले.

“क्रॉस कनेक्शन म्हण,” रावजी कुजबुजले. “लोक रोज ओरडत येतात, रोज आपण हेच सांगतो. कुणाचा आवाज कुठून आला, कोण बघतंय? तक्रार मिटली.”

“मी काल काही ऐकलं नाही,” विमलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

वत्सला बाहेर आली, तेव्हा ‘क्रॉस कनेक्शन’ अगदी ओठांवर होते. मग तिचे लक्ष विठाबाईच्या हातांकडे गेले. मनगटे मोकळी होती आणि पाटल्या ओढून काढल्यामुळे लालबुंद झाली होती. पदराला गाठ मारलेली. तो माणूस संध्याकाळी येणार होता. आवाज लायनीत चुकून घुसलेल्या भलत्याच कुणाचा ठरला, तर त्याचे कोण मानणार? पाटल्या गेल्याच.

“तो आवाज माझा होता, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या पोरीची जागा मी कशाला अडवू? मलाच अजून जागा नाही. पटत नसेल तर लताला आत येऊन सगळ्यांना विचारू द्या.”

बाहेरच्या माणसाला बोर्डाजवळ नेणे नियमात बसत नव्हते. विमलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि दार उघडले. लता बराच वेळ आत होती. बाहेर आली ती डोळे पुसतच.

“आण्णा, निम्म्याच्या वर टेंपरवारी हायेत. जागा निघालीच, तरी आधी त्यांनला मिळंल. साहेब खोटं बोलला.”

पुंजाराम मटकन बाकावर बसला. मग विमलाबाईंना म्हणाला, “बाई, माझी तक्रार माघारी घेतो.”

“आता तसं नाही करता येत, बाबा,” विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय. मला वर कळवावंच लागेल.”

रावजींनी कपाळावर हात मारला. पण हा गडी फार वेळ गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

“कळवा. आम्हीही सोडणार नाही. सोमवारी पुन्हा गेटवर सभा! आणि या वेळी भाषण बाबा करतील.”

“म्या?” पुंजाराम दचकला. मग त्याने वत्सलाकडे पाहिले. “करतो की. आवाज तर मोठा हाय माझा.”

लता रडता रडता हसली. मुंबईच्या माणसाच्या माणसाला संध्याकाळी काय उत्तर द्यायचे, हे बापलेक जोरजोरात ठरवू लागले.

विठाबाईने पदराची गाठ सोडली होती, पण सुजलेल्या हातात पाटली चढेना. वत्सला बेसिनवरचा साबण घेऊन आली आणि तिच्यापुढे उकिडवी बसली.

“हात ढिला सोडा, आई.”

“तुझं काय व्हईल गं आता?”

“बघू,” वत्सला म्हणाली. पाटली बोटांच्या हाडांवर अडली, फिरली आणि एकदम मनगटात उतरली.

आतून हाक आली, “पगारे, मुंबई लागलीय!”

“आले,” म्हणत तिने विठाबाईचा दुसरा हात हातात घेतला.