सोबतीला आलेली

डाव्या छातीतली गाठ प्रयागबाईच्या हाताला लागत होती, पण धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या काही तिच्यानं चढवत नव्हत्या. शेवटी धाकटी जाऊ पुष्पलताच म्हणाली, "चाला बाई, मीबी करून घेतो. तुमच्या आधी मी जातो. मंग तं झालं?"

मॅमोग्राफी करून ती हसतच बाहेर आली. "काही नाही वं बाई, पापड दाबते तसं दाबते. आता तुमचा पापड!"

डॉक्टर श्वेतानं दोघींची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. प्रयागबाईचं काळसर, त्यात एक गोल पांढरा ठिपका. "वयानं चरबी वाढली की चित्र काळं येतं, गाठ चटकन दिसते. ही पाण्याची वाटते, सोनोग्राफीत कळेल." पुष्पलताचं चित्र मात्र सगळंच पांढरं.

"इच्यात काही नाही न?" प्रयागबाईनं विचारलं.

"दिसत नाही. पण दाट छाती पांढरीच येते आणि गाठही पांढरीच. हिचीही सोनोग्राफी करू."

"मले काहून? मी तं सोबतीले आली." पुष्पलतानं पिशवी उचलली. "एसटी निघून जाईन, बाई."

प्रयागबाईनं पिशवी ओढून घेतली. "कापसातली कडक झालेली कवडी नुसती पाहून सापडते का वं? हात घालून चाचपा लागते. बस खाली."

प्रयागबाईची गाठ पाण्याचीच निघाली. पुष्पलताच्या उजव्या बाजूला मात्र डॉक्टरांचा हात एका जागी थांबला, पुढे गेला, पुन्हा तिथंच आला. पांढऱ्यात जे लपलं होतं ते सोनोग्राफीत काळं, वेडंवाकडं दिसत होतं. सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

किती पसरलाय हे पाहायला पुढच्या आठवड्यात एमआरआय ठरला. त्या लांब बोगद्यासारख्या मशीनच्या दाराशी पुष्पलतानं मंगळसूत्र काढून जावेच्या हातात दिलं.

'तुझ्या आधी मी जातो' हे प्रयागबाईच्या ओठांवर आलं होतं. पण आज आत जायला नाव एकीचंच होतं.

"पाहा बाई," पुष्पलता हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "याही वक्ती तुमच्या आधी मीच जाऊन राहिली."

"असं बोलू नाही वं," प्रयागबाई म्हणाली. तोवर दार लागलं होतं.