ज्याच्या हातची नाळ

प्रतिमाचा राग यायला शकुंतलाबाईंना कारण लागत नसे. पोरगी कडक इस्त्रीचा गणवेश घालून आली, की राग. डॉक्टरांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली, की राग. आणि बाळंतपणाच्या टेबलापाशी उभी राहिली, की तिचे ते लांब, शांत हात पाहून बाईंना असं काही व्हायचं, की त्याला राग म्हणणंसुद्धा खोटं ठरलं असतं. तो हेवा होता, निव्वळ हेवा, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

देऊळगाव राजाच्या दवाखान्यात शकुंतलाबाई नऊ वर्षांपासून नर्स होत्या. आई भिमाबाई साखरखेर्ड्याची सुईण. एकोणिसाव्या वर्षी शकुंतलेच्या कपाळाचं कुंकू गेलं, सासरच्यांनी दार दाखवलं, तशी पोरगी अकोल्याला जाऊन नर्सिंग शिकून आली. सिस्टर झाली तरी आईचा एक नियम तिनं सोडला नाही: ज्याच्या हातची नाळ, त्याच्या हातचं पोर. आसपासच्या गावांतही तसंच मानत. अडलेल्या बाईशी कोण झगडलं, पोर कुणी बाहेर काढलं, हे कुणी विचारत नसे. जिनं नाळ कापली तिला खण-नारळ, तिला बारशाचं बोलावणं, आणि पुढं बाजारात गाठ पडली की आई पोराला सांगणार, पाया पड, ह्या बाईंच्या हातचा आहेस तू.

प्रतिमा बुलढाण्याच्या एका कारकुनाची मुलगी, वय चोवीस. ती रुजू झाली त्याच आठवड्यात शकुंतलाबाईंनी सांगून टाकलं होतं, "हे पाह्य, तुझ्या पाळीतलं बाळंतपण तू कर. पन नाळ मी कापीन. सिनियर आहो मी."

"बरं बाई," प्रतिमा म्हणाली.

झालं. तेव्हापासून पोर बाहेर आलं, की प्रतिमा चिमटे लावून कात्री बाईंच्या हाती द्यायची. खण बाईंच्या पेटीत साठत गेले. पोरीला त्याचं काहीच वाटत नाही, याचंही बाईंना दुःख. समोरच्याला नकोच असलेली वस्तू हिसकावून घेण्यात काय राम? प्रतिमा आपल्या कामाची पाळी संपली की निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत काहीबाही लिहीत बसायची आणि शनिवारी त्यावर डॉक्टरांची सही घ्यायची. "आली मोठी शास्त्रीणबाई," बाई मनात म्हणत.

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात परिपत्रक आलं. नागपूरला नर्सिंगच्या पदवीचा कोर्स, सगळ्या जिल्ह्यातून एकच जागा. अटी दोन. स्वतः केलेल्या पंचवीस बाळंतपणांची नोंद असलेलं केसबुक, आणि वय पस्तिशीच्या आत. शकुंतलाबाईंची पस्तिशी ऑक्टोबरात पुरी होत होती. यंदा नाही तर कधीच नाही. पदवी झाली तर मेट्रन होता येणार होतं. नाही झाली तर उद्या हीच कालची पोर मेट्रन होऊन येणार आणि बाईंनी उठून उभं राहायचं. हा विचार आला की बाई ताट सारून उठत.

दोघींनीही अर्ज केला. त्यातही दैवाचा खोडसाळपणा असा, की फॉर्म इंग्रजीत, आणि बाईंचं इंग्रजी औषधांच्या नावांपुढं जात नव्हतं. तो भरायला प्रतिमाचेच पाय धरावे लागले. तिनं सुबक अक्षरात रकाने भरले. जन्मतारखेपाशी पेन थांबलं.

"बाई, म्हणजे तुम्हाला हे शेवटचंच वर्ष?"

"हाव. काऊन?"

"काही नाही," असं म्हणून तिनं तारीख लिहिली.

पोरीनं आपलं वय मोजलं, हे बाईंना चार दिवस सलत राहिलं.

केसबुकं तपासायला जिल्ह्याहून महादेवराव नावाचे साहेब आले. माणूस हुशार. नुसत्या सह्यांवर विश्वास न ठेवता त्यांनी बाजाराचा दिवस धरला आणि दोन्ही केसबुकांतली चार-चार नावं काढून त्या बायांना दवाखान्यात बोलावून घेतलं. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. शकुंतलाबाईंच्या चारही बाया आल्या, बोलल्या, गेल्या. काही अडलं नाही. मग प्रतिमाच्या बायांना विचारायची वेळ आली. पहिली केसरबाई, काखेत वर्षाचं गुटगुटीत पोर.

"तुमचं बाळंतपण कुणी केलं?"

"ह्या शकुंतलाबाईनं. दुसरं कोन करन?"

साहेबांनी चष्मा वर केला. "आणि या दुसऱ्या सिस्टर?"

"त्या बी होत्या ना. मले लई धीर देला त्यायनं."

शकुंतलाबाईंना ते बाळंतपण आठवलं. केसरबाईचं पोर पायाळू होतं. पाय बाहेर आणि डोकं अडकलेलं. त्या दिवशी बाई स्वतः दोन पावलं मागं सरल्या होत्या, आणि प्रतिमानं घाम न पुसता ते डोकं हळूच मोकळं केलं होतं. मग कात्री पुढं केली होती. बाईंनी नाळ कापली होती. जरीकाठाचा खण अजून पेटीत होता.

दुसरी आली, तिनंही शकुंतलाबाईंकडंच बोट दाखवलं. तिसरीनं, चौथीनं तेच. साहेबांचा चेहरा अधिकाधिक कडक होत गेला.

"काय हो सिस्टर, दुसऱ्याच्या केसेस स्वतःच्या नावावर लिहिता?"

प्रतिमा पुढं आली. "नाही साहेब. बाळंतपणं मीच केलीत. बाई फक्त नाळ कापायच्या, म्हणून या बायांना वाटतं... बाई, तुम्ही सांगा ना."

साहेब वळले. "तुम्ही सिनियर. या बाया म्हणतात ते खरं का?"

एक वाक्य पुरलं असतं. हो साहेब, नाळ तेवढी माझी, बाकी सगळं पोरीचं. ते वाक्य जिभेवर आलंही. पण त्याच्या मागोमाग मेट्रनच्या गणवेशात खुर्चीत बसलेली प्रतिमा आली, आणि पोरीपुढं उठून उभं राहणं आलं.

"बाया खोटं कायले बोलतीन, साहेब?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं. हीच तर त्या वाक्याची बदमाशी.

साहेब प्रतिमाकडं वळले. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडं दुसरा काही पुरावा?" तिचा हात खांद्यावरच्या पिशवीकडं गेला, तिथं जरा वेळ थांबला आणि परत आला.

"नाही, साहेब."

साहेबांनी तिच्या केसबुकावर तांबडी रेघ मारली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: जागा शकुंतलाबाईंची. बाईंनी पेढे वाटले. प्रतिमानं एक घेतला आणि खाल्लाही. मधल्या काळात ती कमी बोलायची, एवढंच. आणि आता नाळ स्वतः कापायची. कात्री पुढं येईना, तशी बाईंनीही मागितली नाही. एका बाळंतिणीच्या सासूनं प्रतिमाच्या ओटीत खण घातला तेव्हा बाई औषधाच्या खोलीत जाऊन उगाच बाटल्या पुसत बसल्या. जागा मिळाली, तरी तो एक खण त्यांना सोसवला नाही.

निघायच्या दिवशी बुलढाण्याच्या गाडीपाशी प्रतिमा आली. हातात भाकरीचा डबा आणि ती निळी वही. बुलढाण्याहून मलकापूर, तिथून रेल्वेनं नागपूर. प्रवास लांबचा होता.

"अभ्यासाची हाय का?" बाईंनी विचारलं.

"वाचा सवडीनं. मला आता तिचं काम नाही."

गाडी सुटल्यावर, चिखली यायच्या आत, बाईंनी वही उघडली. पानापानावर आखलेले रकाने. तारीख, गाव, नाव. 'केसरबाई. पायाळू. प्रसूती: प्रतिमा. नाळ: शकुंतलाबाई.' खाली डॉक्टरांची सही. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचं तसंच, दीड वर्षाची एकही केस सुटलेली नव्हती. साहेबांनी पुरावा मागितला तेव्हा ही वही त्या पिशवीत होती.

शकुंतलाबाईंना ते थांबलेलं पेन आठवलं. म्हणजे तुम्हाला हे शेवटचंच वर्ष?

चोरलेली समजून जी जागा त्या इतके दिवस उराशी धरून होत्या, ती त्या पोरीनं त्यांना दिली होती. तीही त्यांचं ते बदमाश वाक्य ऐकून घेतल्यावर.

चिखलीच्या स्टँडवर देऊळगावला परत जाणारी गाडी समोरच उभी होती. कंडक्टर ओरडत होता. उतरून चार पावलं टाकली की झालं. शकुंतलाबाईंनी वही पदराखाली दाबली आणि त्या बसून राहिल्या. पोरीच्या हातांचा हेवा तर होताच. आता त्या हातांना हक्काचं सोडून देता येतं, याचाही हेवा वाटायला लागला होता, आणि तो नागपूरला पोचून कमी होणारा नव्हता.