कोयत्याखालचा हात

मित्रांनो, जरा लांब बसूनच ऐका. मी एक जुना कोयता आहे. मूठ दोनदा बदलली, पातं घासून घासून निम्मं उरलं, तरी अजून डोंबिवलीच्या मासळी बाजारात लाकडी ओंडक्यावर माझी जागा आहे. इतरांच्या आत्मवृत्तात फुलं असतात, पाखरं असतात. माझ्या गोष्टीत रक्त आहे. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी खुशाल उठून जावं, मी रागावणार नाही.

माझा जन्मच मारातून झाला. विठ्ठलवाडीला एका भंगारवाल्याच्या दारात मी मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होऊन पडलो होतो. तिथल्या लोहाराने मला भट्टीत लालभडक केलं आणि ऐरणीवर आडवं घातलं. त्याची बायको घण घेऊन उभी राहिली. बाई अंगाने किरकोळ होती, पण तिचे घाव मला अजून आठवतात. शेवटी तापलेला असतानाच मला पाण्यात बुडवलं. मी किंचाळलो, आणि लोहार म्हणाला, पाणी छान बसलं.

मला विकत घेतलं तुळसाने. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिचा नवरा दामाजी खाडीत जाळं टाकायचा आणि ती बाजारात पाटी घेऊन बसायची. हे १९८२ सालातलं. माझं काम म्हणजे मुशीची पाठ फोडणं, घोळीचं डोकं उडवणं, वळवळणाऱ्या वामीचे तुकडे करणं. तुळसाचा कोयता एका घावात काम करतो, असं गिऱ्हाइकं वाखाणायची आणि मी फुगायचो. मारण्यात पटाईत असलेल्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटू लागतं. मीही त्याला अपवाद नव्हतो.

तुळसाला एकच मुलगी, जया. शाळा सुटली की ती बाजारात यायची आणि आधी दोन्ही हात बर्फाच्या पेटीत, पापलेटांच्या मध्ये खुपसून बसायची. आईने विचारलं तर म्हणायची, हात गरम झालेत. एकदा बर्फातून काढलेला तो हात माझ्या पात्याजवळ आला. तळहातावर जांभळे वळ होते, एकाशेजारी एक, आणि एक वळ फुटून त्यातून पाणी येत होतं. मी मासे कापणारा, मला कशाची किळस नाही. पण तो हात मला बघवला नाही.

जयाला वाचता येत नव्हतं. सातवीत ती दुसऱ्यांदा बसली होती. पुस्तकातली अक्षरं ओल्या बोंबलासारखी निसटतात, धरायला गेलं की भलतीकडेच जातात, असं ती आईला सांगायची. तिच्या वर्गावर कुंडलिक सर होते. त्यांच्या मते हा निव्वळ आळस होता आणि आळसावर त्यांच्याकडे लाकडी पट्टी होती. जया अडखळली की ते तिला हात पुढे करायला सांगत आणि पट्टी आडवी न धरता धारेवर धरून मारत. एकदा मारता मारता पट्टी मोडली, तेव्हा नवी पट्टी त्यांनी जयालाच आणायला लावली.

बाकीची मुलं पट्टी खाली येताना हात मागे ओढायची. जया ओढायची नाही. तिचे डोळे पट्टीवर असायचे आणि पट्टी जिथे येणार तिथे तिचा हात आधीच असायचा. खेळाच्या शिक्षिका सुहासिनीबाईंनी एके दिवशी हे खिडकीतून पाहिलं. त्यांनी आत जाऊन सरांचं मनगट धरलं. भर वर्गात मोठी झोंबाझोंबी झाली. मग त्यांनी जयाला बाहेर आणलं आणि विचारलं, तू हात का काढत नाहीस?

"काढला तं दोनदा मारतात," जया म्हणाली.

बाईंनी ही हकिगत तुळसाला बाजारात येऊन सांगितली तेव्हा माझ्याखाली अर्धी सुरमई होती. तुळसाने ती तशीच सोडली, मला पाटीत टाकलं आणि पाटी डोक्यावर घेऊन थेट शाळेत गेली. सरांच्या टेबलावर तिने पाटी आदळली. मग माझ्या मुठीवर हात ठेवून ती उभी राहिली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून त्यांनी जयाला मारणं बंद केलं. दुसऱ्या मुलांना मात्र ते मारतच राहिले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कोयता दाखवला की काम होतं, एवढंच तुळसाच्या मनात पक्कं बसलं.

सुहासिनीबाईंनी जयाला ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं की याला डिस्लेक्सिया म्हणतात, पोरगी मठ्ठ नाही, हिची वाचायची वाट वेगळी आहे. तुळसाने औषध विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला औषध नाही आणि मार तर नाहीच नाही. बाजारात परतल्यावर तुळसाने ते वाक्य दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. मी ऐकत होतो. घण खाऊन मी घडलो ते मी लोखंड आहे म्हणून. पोरं लोखंडाची नसतात, हे शिकलेल्या माणसाला कळू नये याचा मला फार राग येतो.

बाईंनी जयाला फुटबॉलच्या गोलमध्ये उभं केलं. चेंडू कुठे येणार हे तिला पट्टीसारखंच आधी दिसायचं. तिथेही मार होताच. शहाडच्या खडकाळ मैदानावर एकीचा बूट तिच्या तोंडावर बसला आणि दात पडला. दुसऱ्या एका सामन्यात खांद्याची कातडी सोलून निघाली. पण हा मार खाऊन ती बाजारात हसत यायची, रक्त थुंकायची आणि किती गोल अडवले ते सांगायची. बर्फात हात घालून बसणं बंद झालं होतं.

१९९४ साली तिची मुलींच्या संघात निवड झाली. संघ डेन्मार्कला स्पर्धेसाठी जाणार होता, पण विमानाचं भाडं ज्याचं त्याने भरायचं होतं. दामाजी जाळं विकायला निघाला. तेव्हा बाजारातली सगळ्यात म्हातारी कोळीण, जनाबाई, उठून उभी राहिली. जाळं विकलंस तर खाशील काय, असं तिने त्याला झाडलं. मग तिने आपल्या पाटीतला मासळीचा एक वाटा उचलून वेगळ्या पानावर ठेवला आणि म्हणाली, हा जयाचा वाटा.

आमच्या बाजारात बारीक मासळी तोलून नाही, वाटे लावून विकतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवसापासून प्रत्येक कोळणीच्या पाटीच्या कडेला जयाचा एक वाटा लागू लागला. त्या वाट्यावर घासाघीस करायची नाही, असा नियमच झाला. त्याचे पैसे जनाबाईच्या लोणच्याच्या बरणीत जायचे. नेहमी जास्तीच्या एका बोंबलासाठी भांडणारी गिऱ्हाइकं तो वाटा मुकाट्याने घ्यायची. बायका तर इतक्या खूष होत्या की जयाचा वाटा, जयाचा वाटा म्हणून बाजारभर ओरडायच्या. तेवढं ओरडायला नको होतं.

कारण ते पोपटच्या कानावर गेलं. हा पोपट बाजारात हप्ता गोळा करायचा. दोन माणसं घेऊन तो आला आणि जनाबाईसमोर उभा राहून त्याने बरणी मागितली.

"पोरीचा वाटा हाय तो," जनाबाई म्हणाली. "त्याला हात नको लावू."

पोपटने तिच्या पाटीला लाथ घातली. कोलंबी चिखलात गेली. जनाबाईने बरणी पोटाशी धरली, तेव्हा त्याने तिच्याच वजनमापातलं लोखंडी वजन उचलून तिच्या कपाळावर हाणलं. म्हातारी खाली कोसळली. कपाळातून रक्ताची धार लागली, पण बरणी तिने सोडली नाही. पोपट तिची बोटं एकेक करून उलटी पिरगाळू लागला.

तुळसाने मला उगारलं. शाळेत केलं तेच ती करत होती. कोयता बघून हा घाबरेल, असं तिला वाटलं. पण पोपट मास्तर नव्हता. तो हसला.

"कोयता दाखवतेस? मार ना, मार."

मित्रांनो, उगारलेलं हत्यार फार वाईट. ज्याला दाखवलं तो घाबरला नाही, तर ते गुपचूप खाली ठेवायला मन तयार होत नाही. तुळसाच्या डोळ्यांत तेव्हा ना मुलगी होती, ना डेन्मार्क. मी निघालो. पोपटची मान समोर होती, आणि खरं सांगतो, मला ती हवी होती. मी घोळीच्या मानेवर येतो तसा पूर्ण जोराने खाली आलो.

पण मान लागली नाही. हात लागला.

जया सरावावरून नुकतीच आली होती. तिने पाट्यांवरून झेप घेतली. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि मी जिथे येणार तिथे तिचा डावा हात आधीच होता. मी तळहातात रुतलो, हाडाला लागलो आणि थांबलो. ती ओरडली नाही. आईकडे बघून तिने मान हलवली, नको म्हणून. मी आयुष्यभर रक्तात न्हालो, पण ते रक्त गरम होतं. मासळीचं गार असतं. तेव्हा मला माझ्याच धारेची शिसारी आली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. बाजारातल्या बायकांनी पोपटला पाट्यांनी आणि वजनांनी असा बडवला की त्याचे दोन्ही साथीदार त्याला टाकून पळाले. पोलीस आले तेव्हा साऱ्या जणींनी एकच सांगितलं, मासळी कापताना पोरीचा हात सटकला. कोळणींकडून मार खाल्ला हे पोपटलाही सांगवेना. तो पुन्हा बाजारात दिसला नाही. जनाबाई टाके घालून परत आली.

जयाच्या हाताचं ठाण्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. मधली दोन बोटं पुन्हा सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तुळसाने बरणी परत द्यायला काढली, पण कोणी घेईना. पोरीला दिलेला वाटा पोरीचा, असं त्यांचं म्हणणं. सुहासिनीबाईंनी तिचं नाव संघातून काढू दिलं नाही. जया पट्टी बांधलेल्या हाताने विमानात बसली. दोन सामने तिने बाहेर बसून पाहिले, तिसऱ्यात तिला उतरवलं. तिच्यावर दोन गोल झाले, तिसरा तिने पायाने अडवला आणि संघ हरला. ती स्वतः एवढंच सांगते, मीही वाढवून सांगत नाही.

मी मात्र घरी चुलीमागच्या खिळ्यावर लटकत होतो. तुळसा मला हात लावेना. ती नुसती मांदेली, बोंबील, कोलंबी विकू लागली. मोठी मासळी गेली, मोठं गिऱ्हाईक गेलं. माझ्यावर गंज चढला. आपल्याला खाडीत टाकून द्यावं, असं मला रोज वाटायचं.

जया परत आली त्याच आठवड्यात तिने मला खिळ्यावरून काढलं, धार लावून आणली आणि बाजारात आईच्या मांडीशी ठेवलं. दामाजीने आणलेला भलामोठा रावस तिने ओंडक्यावर टाकला. डाव्या हाताने, त्याच वाकड्या बोटांनी, तिने त्याचं डोकं दाबून धरलं.

"हात काढ," तुळसा म्हणाली.

"मी हात काढनार नाय, आये. तू काप."

तुळसा किती तरी वेळ मला धरून उभी होती. मग मी खाली आलो. रावस एका घावात कापला गेला. जयाचा हात होता तिथेच होता, माझ्यापासून बोटभर लांब.

मित्रांनो, म्हातारी हत्यारं शेवटी आम्हाला जपा म्हणून सांगतात. मला जपू नका. पट्टी असो, वजन असो, कोयता असो, उगारण्याआधी खाली कोणाचा हात आहे ते बघा. आणि पुढे केलेला हात मागे जात नाही म्हणून ते मूल भ्यालेलं नाही, असं समजू नका. त्या दिवशी रावसावर ठेवलेला जयाचा हात थरथरत होता. मी तो अगदी जवळून पाहिला आहे.