मेयोतला भाऊ

शेजारच्या आयलीन गार्वीला कुणाच्या तरी हवाली करायचं आणि मगच शिकागोजवळचं नेपरव्हिल सोडायचं, असं सुनेत्राने मनाशी ठरवलं होतं. बोलून मात्र दाखवलं नव्हतं. आयलीन ऐंशीच्या पुढची. नवरा गेलेला, भाऊ त्याच्याही आधी गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या गोळ्या डबीत भरणं, तिला डॉक्टरकडे नेणं, बर्फ पडला की अरुणला फावडं घेऊन तिच्या दारात पिटाळणं, हे सगळं आपल्या अंगावर कधी येऊन पडलं ते सुनेत्राला सांगता आलं नसतं. आता टेक्सासात, प्लेनोला, सुनेला, हिमानीला, दिवस गेले होते आणि उन्हाळ्यात दोघांनी कायमचं मुलाकडे जायचं ठरलं होतं.

आयलीनही वृद्धाश्रमात जायला तयार होती, पण तिची एक अट होती.

"रक्ताचं एक तरी माणूस शोधून दे," ती म्हणाली होती. "जिचं नाव घ्यायला कुणी नाही अशी म्हातारी म्हणून मी तिथे जाणार नाही."

सुनेत्राचा जन्म जनुकांच्या प्रयोगशाळेत गेला होता. तिने आयलीनची लाळ नळीत भरून डीएनए तपासणीला पाठवली आणि महिनाभर वाट पाहिली. आयलीनची आजी नोरा आयर्लंडमधून, मेयो परगण्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातून आली होती. त्याच गावातल्या मार्टिन कीन नावाच्या एका माणसाशी तिचा डीएनए जुळला. दोघांच्या रक्तात सामाईक भाग किती, याची बेरीज सुनेत्राने पाहिली. सख्ख्या बहिणींच्या नातवंडांत निघावी तेवढी बरोबर ती होती. म्हणजे मार्टिनची आजी ही नोराची मागे राहिलेली बहीण. सुनेत्राने दोघांनाही तसं कळवून टाकलं.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आला की मार्टिन फोन करायचा. आयलीन केस विंचरून फोनपाशी बसायची, जणू त्याला दिसणारच होती. वृद्धाश्रमातली खोलीही ठरली.

एप्रिलमध्ये, त्या खोलीच्या भिंतीवर लावायला वंशवृक्ष काढून द्यावा म्हणून सुनेत्राने ते निकाल पुन्हा उघडले. या वेळी तिने नुसती बेरीज पाहिली नाही, डीएनएचे तुकडे पाहिले. बहिणींच्या नातवंडांत थोडे पण लांब तुकडे सारखे असतात. इथे सगळा चुरा होता. छोटे छोटे पुष्कळ तुकडे, दहा ठिकाणांहून आलेले. त्या टोकाच्या गावात पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं झाली होती. तिथल्या कुणाचीही कुणाशी बेरीज अशीच फुगून आली असती.

तिला स्वतःचीच लाज वाटली. तिची आई ही बाबांच्या मामाची मुलगी. बाबा सासऱ्यांना शेवटपर्यंत मामाच म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. अशा घरात वाढलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. बेरीज हवी तशी आली, म्हणून तिने पुढे पाहिलंच नव्हतं.

"मग आता सांगायलाच हवं का?" अरुण म्हणाला. तो खोक्यांना टेप लावत होता. "यार सुनेत्रा, ती हॅपी आहे, तो हॅपी आहे. लीव्ह इट ना."

"मी चुकीचं उत्तर दिलंय, अरुण."

"परीक्षा आहे का ही?"

"मला इथून सुटायची घाई झाली होती."

"मला नव्हती?" अरुणने टेप दाताने तोडली. "आणि खोली कॅन्सल केली तिने, तर?"

तिने चपला घातल्या आणि ती शेजारी गेली.

आयलीनने सगळं नीट ऐकून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तो माझा कोणी नाही."

"आहे. पण एका बाजूने जवळचा नाही. दहा बाजूंनी थोडा थोडा आहे."

"दहा बाजूंनी थोडा थोडा," आयलीन म्हणाली. "माझा नवरा घरकामात मदत करायचा, तसा."

सुनेत्राला हसू आलं, पण आयलीन हसत नव्हती. "रविवारी तूच सांग त्याला," ती म्हणाली. "मला जमायचं नाही."

रविवारी सुनेत्राने फोन स्पीकरवर टाकून ते मार्टिनला सांगितलं.

"हो का?" मार्टिन म्हणाला. "इथे आम्ही सगळे तसेच. माझी बायकोसुद्धा माझ्या नात्यातलीच निघाली. लग्नानंतर कळलं, तोवर परत करायची मुदत संपली होती."

"मार्टिन," आयलीन म्हणाली, "मग मी तुझी कोण?"

"ते मला कसं माहीत असणार? आयलीन आहेस. आमच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात मृतांची नावं वाचतात. तुझ्या आजीचं नाव मी घालायला सांगितलंय. ते मी काढणार नाही."

"माझंही घालशील?"

"आधी मर तर खरी."

आयलीनने डोळे पुसले. मार्टिन जरा खाकरला. "एक मात्र आहे. माझे गुडघे गेलेत, विमानात मला बसवत नाही. तू पडलीस-बिडलीस आणि वृद्धाश्रमातल्यांनी मला फोन केला, तर मी इथून करणार काय? जवळचं कुणी असू दे."

खोली कॅन्सल झाली नाही. मे महिन्यात सुनेत्रा तिला वृद्धाश्रमात सोडायला गेली. तिथल्या बाईंनी विचारलं, काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा? आयलीनने हनुवटीने सुनेत्राकडे दाखवलं.

"मी टेक्सासला चालले आहे, आयलीन."

"तिथे फोन लागत नाही?"

"लागतो."

"मग झालं तर. तू डॉक्टरला चांगली दटावतेस."

बाई सुनेत्राकडे वळल्या. "नातं काय लिहू?"

"शेजारीण," सुनेत्रा म्हणाली.

"टेक्सासमधली?"

"हो."

बाईंनी ते टाइप केलं. सुनेत्राने आपला नंबर दिला, तो बरोबर घेतलाय ना हे पाहिलं, आणि ती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली. आयलीनच्या कपड्यांच्या पेट्या अजून गाडीतच होत्या. त्या आणायला उठलं पाहिजे, असं स्वतःला सांगत ती जरा वेळ तशीच बसून राहिली.