संघप्रियाच्या नावाची किल्ली

चामोर्शीत आमची बायांची कंपनी आहे, हिरडा-बेहडा अन् मधाची. मी तिची अध्यक्ष. शाळा तिसरीपर्यंतची, पण माझ्यासमोर व्यापारी काट्याले बोट लावत नाई.

पोरगी संघप्रिया कंप्युटर शिकलेली. तिनं आमच्याइथी एक एआय एजंट बसवला. हा बिनपगारी कारकून व्यापाऱ्यायच्या मेसेजले जवाब देते, गोदामातला माल पाहते, गाडी बोलावते. घाईत तिनं त्याले स्वतःच्याच खात्यातून आत सोडलं. मंग माझ्याशी भांडून हैदराबादले नोकरीवर गेली. आधी फोन कोणं करावा, ह्यावर दोघीही अडून बसलो.

कारकून मात्र तिच्या नावानं काम करत राह्यला. सकाळी स्क्रीनवर तिचं नाव, बाजूले हिरवा ठिपका. मशीन आहे, हे मले कळत होतं. तरी मी चहा घेऊन तिथंच बसत होती.

ऑफिस सांभाळणारी नाहीद मागं लागली. "बाई, एजंटले त्याची वेगळी किल्ली देऊ. फक्त गोदामापुरती, अन् मुदत संपली का बंद होणारी. ताईच्या खात्यानं तं बँकही उघडते. कोणाच्या हाती लागलं तं?"

"लागू दे. मध चाटून जाईल."

"बँकेत मध नाई ठेवत, बाई. नव्या किल्लीसाठी तुमच्या फोनवर ओटीपी आला असन, सांगा."

"नाई आला."

"कालही नाई, आजही नाई?"

"टावर मरून पडला आहे."

ती हसली. तिले समजलं होतं.

दुपारी ती जेवायले गेली, तवा मी माइक दाबून त्या नावाले विचारलं, "जेवली का वं?"

लगेच अक्षरं उमटली: "हो, जेवले. विचारल्याबद्दल धन्यवाद. आणखी काही मदत हवी आहे का?"

माझी पोरगी अन् मले धन्यवाद! ती म्हणाली असती, "तुले काय करायचं?" त्याच तुसड्या जवाबासाठी माझा जीव तुटत होता. अन् मंग अंगावर काटा आला. तिच्या नावानं हे बोलते, तं चोरही बोलू शकते. मी अशीच भुलून ऐकत बसली असती.

नाहीद आल्यावर नवा ओटीपी मागवला, वाचून दाखवला. ठिपका गेला. खाली 'गोदाम एजंट' असं नाव आलं, त्यानं लगेच गाडी बोलावली. काम काही अडलं नाई.

संघप्रियाचं नाव तेवढं विझलं. आता ती उठली असन, कामात असन, असं मनाले समजवायलेही काही उरलं नाई. मी पदर खोचला अन् हैदराबादले फोन लावला. घंटी जात राह्यली. मी कानावरून काढला नाई.