पाणी आधी थुंकतं

अगं ऐका ना, दोन दिवस मी कुठे गायब होते ते सांगते, फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर माझा धागा सुटतो. आमचा कॅम्पर विकायला काढलाय हे तुम्हाला माहितीये. अकरा वर्षं आम्ही तिघं त्या गाडीतच राहिलो, बाबा गावोगावचे वजनकाटे दुरुस्त करत फिरणार आणि घर बरोबरच, चार चाकांवर. आता बाबांचा हात थरथरतो, म्हणजे काटे दुरुस्त करणाऱ्याचाच हात, विचार करा. आणि आईची कंबर तर कधीच कामातून गेलीये. तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात, पण गाडी विकली तरच मिळणार. आई महिनाभर एकच वाक्य बोलतेय, मला एकदा न वाकता अंघोळ करायचीये.

रविवारी सकाळी एक नर्सबाई आणि त्यांचे मिस्टर गाडी बघायला येणार होते. बाईंनी फोनवर पत्रा विचारला नाही, टायर विचारले नाहीत. सासूबाई सोबत असतात, गरम पाणी लागतं, गीझर चालला पाहिजे, बस.

म्हणून शनिवारी बाबांनी गीझर साफ करायला काढला. आदल्या दिवसापर्यंत आम्ही खोकी बांधत होतो, तिघांच्याही अंगात त्राण नव्हतं, पण बाबांचं म्हणणं, विकायची वस्तू आपण वापरतो त्याहून चांगली करून द्यायची. आमच्याकडे या कामाची पद्धत ठरलेली आहे. बाबा बाहेर, गाडीच्या कुशीतल्या छोट्या झाकणापाशी. मी आत, पलंगाखाली पालथी, तिथे व्हॉल्व्ह आहे. तो आडवा केला की पाणी टाकीत न शिरता बाजूच्या नळीने थेट नळाला जातं, म्हणजे टाकी रिकामी असली तरी आईची भांडी अडत नाहीत. काम झालं की तो मी उभा करायचा, टाकी भरायला लागते, आणि आईने गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून थांबायचं. पाणी आधी थुंकतं, फुस्स फुस्स, मग सरळ धार येते. धार आली की आई ओरडणार, "आलं." मग बाबा टाकीवर बोटाने टकटक करणार, भरलेल्या टाकीचा आवाज बसका येतो, आणि मगच बटण. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

तर टाकी निवू दिली, पाणी सोडलं, पांढऱ्या खपल्या पसाभर निघाल्या. आत एक कांडी असते, टाकीला लागणारा गंज ती स्वतःवर घेते. बाबांनी ती काढली तर नुसती तार उरली होती. आई खिडकीतून बघून म्हणाली, "माझी बहीण दिसते." बाबा हसलेसुद्धा नाहीत, एवढे दमले होते. नवी कांडी बसवली, टेप गुंडाळली, पाना आवळला, मला हाक मारली, हं, सोड आता.

आणि मी ना, पलंगाखाली गाल फरशीला लावून पडले होते, गार लागत होतं, छान वाटत होतं. डोळा लागला नव्हता, पण हातही हलला नाही. "सोडलं," मी म्हणाले. मला खरंच वाटलं की सोडलं.

आई ओरडली, "आलं." बाबांनी बटण दाबलं. मिनिटभराने जळका वास आला.

कोरड्या टाकीत कॉइल चालू झाली की ती जातेच. बाबा बाहेरून आत आले, पलंगाखाली वाकून बघितलं, व्हॉल्व्ह आडवा तो आडवाच. मला रडू फुटलं. वाटलं आता बोलतील. पण ते खोक्यावर बसले आणि म्हणाले, "टकटक मी केलीच नाही, हात दुखत होता." मग आई नळ बंद करत म्हणाली, "आज थुंकलंच नाही पाणी. मला कळलं होतं. पण म्हटलं, असेल." मग आम्ही तसेच झोपलो.

आता बघा, गीझर गॅसवरही चालतो. सकाळी बाबांनी टाकी भरून गॅस पेटवला, पाणी कडकडीत. म्हणजे न बोलता निभावलं असतं. मी आईकडे बघत होते, कारण घर तिला हवं होतं. मी मनात म्हणत होते, गप्प बसा, सगळे गप्प बसा.

नर्सबाई आल्या, हात धरला नळाखाली, खूश. मिस्टर तर दाराच्या बिजागऱ्या बघायला लागले. बाबांनी खाकरून घसा साफ केला, पण त्यांच्या आधी आईच बोलली. "ताई, हे गॅसवर येतंय. विजेवर नाही येणार. कॉइल काल आमच्या हातून जळली." मिस्टरांनी लगेच विचारलं, जळली कशी. आई म्हणाली, "दमलो होतो हो. तिघंही."

बाई नळ बंद करून आईकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांखालीही काळं होतं, रात्रपाळी करूनच आल्या असाव्यात. म्हणाल्या, नवी कॉइल घाला आणि घालताना मला बोलवा, मला हे सगळं शिकायचंय, यांच्या भरवशावर मी नाही राहणार. मिस्टर बिजागऱ्याच बघत होते.

म्हणून कालपर्यंत मी तिथे होते. नवी कॉइल बसली, मी पलंगाखाली, नळापाशी बाई. व्हॉल्व्ह उभा केला आणि तीनदा हात लावून बघितला. पाणी थुंकलं, धार आली, तरी बाई गप्पच. शेवटी आईने मागून सांगितलं, ताई, आलं म्हणायचं असतं.

काल संध्याकाळी गाडी बाईंच्या ताब्यात दिली आणि आम्ही खोल्यांत गेलो. आईने न वाकता अंघोळ केली, तासभर. पण आधी भिंतीवरच्या गीझरचा नळ सोडून हात धरून उभी राहिली आणि सवयीने ओरडली, "आलं."

बाहेरच्या खोलीतून बाबांनी भिंतीवर टकटक केली. मी गादीवर आडवी होते, डोळे मिटलेले. म्हटलं, सोडलाय हो, उभा आहे.