दारावरची खिडकी

दारावर खिडकी काढतं का हो कुणी? आमच्या सिंगापूरमधल्या, क्लेमेंटीच्या फ्लॅटच्या दारावर आहे. हिरवी, अर्धवट उघडी. का काढली म्हणून विचाराल तर मला आजही धड सांगता येणार नाही.

त्याचं असं झालं. माझे सासरे रावसाहेब, औरंगाबादचे रिटायर्ड हेडमास्तर. सासूबाई गेल्यावर त्यांना इकडे आणलं आणि वर्षभरात विसरण्याचा आजार जडला. खाली फिरायला जायचे आणि भलत्याच ब्लॉकमध्ये भलत्याच दाराची बेल दाबायचे. त्यांचं तरी काय चुकलं? सगळे ब्लॉक एका छापाचे, आमच्या मजल्यावरची सगळी दारं तपकिरी. त्यात २०१५ साल, सिंगापूरच्या स्वातंत्र्याची पन्नाशी, म्हणून जिकडेतिकडे कठड्यांवर तोच लाल-पांढरा झेंडा. मी स्वतः एकदा चुकले!

पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडलं त्या दिवशी माझा नवरा उज्ज्वल म्हणाला, "एकता, आता पुन्हा असं झालं तर बाबांना औरंगाबादच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. तिथं निदान गेट तरी असतं."

"मी मेल्यावर ठेव," मी म्हटलं. लग्नानंतर मला एम.एस्सी. करायला लावलं ते बाबांनी. माझ्या परीक्षेत स्वतः चहा करून आणायचे. त्यांना गेटाआड ठेवायचं?

आमच्याकडे एका खोलीत तुल्लिओ भाड्यानं राहायचा. युनिव्हर्सिटीत संशोधन करणारा इटालियन पोरगा. त्याचं गाव समुद्रकाठचं, कोळ्यांचं. नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक घराचा रंग वेगळा. होडीतून परतणाऱ्याला लांबूनच आपलं घर ओळखता यावं म्हणून. आजोबांसाठी तुमचं दार रंगवू या."

मला पटलं. मग त्यानं गावाचे फोटो दाखवले, तर भिंतींवर चक्क रंगवलेल्या खोट्या खिडक्या! ह्या कशाला? तर म्हणे, पूर्वी खिडक्यांवर कर होता. दुसऱ्या दिवशी म्हणतो, कर नाही, घर देखणं दिसावं म्हणून. मग आजीला फोन लावला, तर आजी म्हणाली, शेजारणीच्या भिंतीवर होत्या म्हणून आपल्याही.

"अरे, एक काय ते सांग ना!" मी वैतागले. "आणि ते रंगाचं तरी खरं की तेही असंच?"

त्यानं नुसते खांदे उडवले. बघा आता!

तरी रविवारी त्यानं दार पिवळंधमक केलं आणि वर हिरवी खिडकी काढली. बाबा खुर्चीत बसून कौतुकानं बघत होते.

"छान. कुणाचं घर आहे?"

"आपलंच, बाबा."

"असं का," ते पाहुण्यासारखे म्हणाले. मला काही समजेना, हसावं की रडावं.

संध्याकाळी फिरून आल्यावर मी त्यांना लिफ्टमधून पुढे जाऊ दिलं आणि मागे थांबले. उज्ज्वल आणि तुल्लिओ दाराबाहेरच उभे होते. बाबा दारापाशी आले, खिडकी निरखली, हात जोडले. "माफ करा, चुकलो. आमचं दार तपकिरी आहे." आणि सरळ शेजारची बेल दाबली. शेजारची आँटी बाहेर येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "अंकल अगेन लाह!" बाबा बिचारे घाबरून लिफ्टकडे वळले.

"झालं," उज्ज्वल फोन काढत म्हणाला. "मी तिकीट काढतो."

मग मात्र माझा तोल गेला. मी तरातरा दारापाशी आले. "तिकीट काढतोस? तुझ्या बापाचं? आणि तू रे तुल्लिओ, सांगितलं होतं का तुला खिडकी काढायला? फरशीवर रंग सांडलाय तो कोण पुसणार?" अख्खा मजला दणाणला.

लिफ्टपाशी बाबा थबकले. लिफ्टचं दार उघडलं होतं, एक पाय आतच होता. त्यांनी आतल्या बाईला सांगितलं, "तुम्ही जा. ही आमची सून. घर इथंच आहे माझं."

आणि ते माघारी चालू लागले, हळूहळू, भिंतीला हात लावत. दाराकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण गप्प बसले तर ते पुन्हा थांबतील, म्हणून मी ओरडतच राहिले. भेंडी महाग झाली म्हणून, कपडे वाळत नाहीत म्हणून. तोंडाला येईल ते. उज्ज्वलनं फोन खिशात घातला आणि मला हळूच म्हणाला, "थांबू नकोस."